पेटारा कुणी घडवला? कोरीव ओक फर्निचर आणि 'कर्ता' ठरवण्याची रीत

समजा, तुमच्यासमोर ओकच्या लाकडाचा एक जुना पेटारा ठेवलाय. दर्शनी बाजूला तीन चौकटी, प्रत्येकीत पानाफुलांची दाट नक्षी, वरच्या पट्टीवर दोन अक्षरं आणि एक साल. पेटाऱ्याचा मालक तुम्हाला एवढंच विचारतो, "हा बनवला कुणी?"

प्रश्न तीन शब्दांचा आहे. उत्तर मात्र बहुतेक वेळा एका नावात संपत नाही, आणि जिथे पटकन संपतं तिथे जरा संशयच घ्यावा. ते उत्तर कसं बांधतात, कुठे डगमगतं आणि कुठे थांबवावं लागतं, हे या लेखात बघूया. फर्निचर हा तुमचा विषय असायची गरज नाही. पोथीचा लेखनिक कोण, निनावी अग्रलेख कुणाचा, मूर्ती कुठल्या कारागिरांची, हे सगळे प्रश्न याच जातीचे आहेत. फर्निचरचा फायदा इतकाच की इथे पुरावा हाताने चाचपता येतो.

उदाहरणं १७व्या शतकातल्या इंग्लंडची आणि न्यू इंग्लंडची, म्हणजे आजच्या अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याची घेतोय. इंग्लंडहून तिथे गेलेले सुतार आपली कला सोबत घेऊन गेले, आणि त्यांच्या ओकच्या सामानावर गेली शंभर-सव्वाशे वर्षं अभ्यास चाललाय. त्यामुळे तिथे पद्धत तर दिसतेच, पद्धतीवरची भांडणंही दिसतात. शिकायला भांडणं जास्त उपयोगी पडतात.

नाव कोरलंय, पण कुणाचं?

पहिला मोह अक्षरांचा होतो. 'आय. एम.' अशी अक्षरं दिसली की आपण त्या आद्याक्षरांचा सुतार शोधायला लागतो. आता आपल्या स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा आठवा. त्यावर कोरलेलं नाव कुणाचं असतं? ज्याच्या घरचा डबा त्याचं, नाहीतर लग्नात आहेर देणाऱ्याचं. डबा बनवणाऱ्याचं नक्कीच नसतं. १७व्या शतकातल्या पेटाऱ्यांचं बरंचसं असंच आहे.

डेलावेअर राज्यातल्या विंटरथर संग्रहालयात १६७८ साल घातलेलं एक खणांचं कपाट आहे. त्यावरची अक्षरं इप्सविच गावच्या जॉन आणि मार्गारेट स्टॅनिफोर्ड या जोडप्याची, म्हणजे मालकांची आहेत. पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये 'हॅडली पेटारे' नावाने ओळखला जाणारा एक मोठा गट आहे. त्यांच्यावर बहुधा ज्या मुलीसाठी पेटारा केला तिची आद्याक्षरं असतात. त्याच भागातल्या एका कपाटावर तर 'हॅना बर्नार्ड' असं पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत रंगवलंय. ती मालकीण. लॉरेल थॅचर उल्रिक या इतिहासकार बाईंनी त्या नावाचा धागा धरून स्त्रियांच्या मालमत्तेचा इतिहास उलगडला. म्हणजे अक्षरं कर्ता सांगत नाहीत म्हणून ती निरुपयोगी ठरत नाहीत. ती दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतात. पुराव्याला आधी विचारायचं: तू नक्की कशाचा पुरावा आहेस?

ज्या वस्तूवर कर्त्याची खूण खरोखरच असते, तिथेही काम संपत नाही. यॉर्कशायरमधल्या किलबर्न गावचे रॉबर्ट थॉम्पसन (१८७६–१९५५) आपल्या ओकच्या फर्निचरवर एक छोटा उंदीर कोरायचे, म्हणून त्यांचं नावच 'माउसमन' पडलं. पृष्ठभाग वाकसाने तासल्यासारखा लहरी ठेवायचा, ही त्यांची दुसरी ओळख. मग उंदीर दिसला की थॉम्पसन, हे ठरलं का? नाही. त्यांच्या पश्चात कारखाना चालूच राहिला आणि उंदीरही चालू राहिला. त्यांच्या हयातीतसुद्धा कारखान्यात इतर कारागीर होतेच. उंदीर सांगतो की वस्तू या कारखान्याची आहे. कुणाच्या हाताची आणि कोणत्या काळातली, हे उंदराच्या बारकाव्यांवरून काढावं लागतं. उदाहरणार्थ, सुरुवातीच्या उंदरांना पुढचे पाय असायचे. ते तुटायचे, म्हणून पुढे कोरणं बंद झालं. शिवाय तिथे शिकून बाहेर पडलेल्या काहींनी स्वतःचे प्राणी निवडले, आणि आसपासच्या इतर सुतारांनीही तीच रीत उचलली. एकूण काय, सही मिळाली तरी सहीचाही अभ्यास करावा लागतो.

'कोणी'च्या आधी 'कुठे' आणि 'कधी'

नावाकडे जाण्याआधी लाकडाकडे जायचं. ओकचे ढोबळ दोन गट, पांढरा आणि लाल. इंग्लंडचा देशी ओक पांढऱ्या गटातला. लाल ओक हे उत्तर अमेरिकेचं झाड. पांढऱ्या ओकच्या पक्व लाकडातल्या नळ्या पातळ पडद्यांनी बुजलेल्या असतात, लाल ओकच्या मोकळ्या राहतात. इतक्या मोकळ्या, की लाल ओकच्या लहानशा तुकड्याच्या एका टोकाने फुंकलं तर दुसऱ्या टोकाने हवा बाहेर येते. संग्रहालयात अर्थातच कुणी पेटाऱ्यात फुंकत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बारीकशी ढलपी पुरते. मूळ चौकट लाल ओकची निघाली, तर 'हा पेटारा १७व्या शतकात इंग्लंडमध्ये झाला' हा दावा जवळजवळ संपतो. पांढरा ओक निघाला तर मात्र काहीच संपत नाही, कारण तो दोन्हीकडे वाढतो. एकाच चाचणीचं एक उत्तर निर्णायक आणि दुसरं मुकं, असं संशोधनात नेहमी होतं. चाचणी करायच्या आधीच हे माहीत असलेलं बरं.

काळासाठी वाढीची वलयं मोजतात. ओकला दरवर्षी एक वलय येतं. चांगल्या वर्षी रुंद, वाईट वर्षी अरुंद. रुंद-अरुंदचा हा क्रम त्या प्रदेशाच्या ज्ञात क्रमाशी जुळवला की फळीतल्या शेवटच्या वलयाचं साल कळतं. पण ते झाड तोडल्याचं साल असेलच असं नाही. सुतार सालीलगतचं कोवळं लाकूड काढून टाकायचा, कारण त्याला कीड लवकर लागते. इंग्लिश ओकमध्ये या कोवळ्या थरात साधारण ९ ते ४१ वलयं धरतात. तो थर पूर्ण गेला असेल, तर आपल्याला एवढंच म्हणता येतं की झाड 'अमुक सालानंतर' तोडलं. किती नंतर, ते लाकूड सांगत नाही. एक दिलासा असा की त्या काळचे सुतार बहुधा ओलंच लाकूड वापरायचे. त्यामुळे झाड तोडणं आणि पेटारा घडणं यात फार वर्षं जात नसत.

मग पेटारा उलटा करायचा. दर्शनी बाजू सगळ्यांना दाखवण्यासाठी असते. खरं बोलतं ते मागचं, खालचं आणि आतलं लाकूड. १७व्या शतकातला सुतार ओंडका पाचरी ठोकून त्रिज्येच्या दिशेने फाडायचा, त्यामुळे फळी एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ राहते. मागच्या बाजूला करवतीचे कमानीसारखे वळणदार ओरखडे दिसले, तर ती फळी गोल फिरणाऱ्या यांत्रिक करवतीची, म्हणजे १९व्या शतकातली किंवा नंतरची. सांधे बघा. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून त्यातून लाकडी खुंटी ठोकलेली असते. खुंटीची भोकं मुद्दाम किंचित तिरकी जुळवलेली असतात, म्हणजे खुंटी ठोकली की सांधा आवळला जातो. टोकदार यंत्रनिर्मित स्क्रू सापडला, तर एक तर पेटारा उशिराचा, नाहीतर दुरुस्ती उशिराची. यातलं कोणतं, हे शेजारचं लाकूड ठरवतं.

इथे एक सापळा आहे. व्हिक्टोरियन काळात जुन्या कोरीव ओकची मोठी हौस आली होती. तेव्हा १७व्या शतकातल्या साध्या पेटाऱ्यांवर नव्याने नक्षी कोरली गेली, कधी जुनं सालही घातलं गेलं. अशा पेटाऱ्याचं लाकूड खरं, सांधे खरे, वलयांचं सालही खरं, आणि नक्षी मात्र दोनशे वर्षांनी लहान! म्हणून 'पेटारा कधीचा' असा एकच प्रश्न विचारायचा नाही. लाकूड कधीचं, जोडणी कधीची, नक्षी कधीची, कुलूप-बिजागरी कधीची, असे वेगवेगळे विचारायचे.

हात ओळखणं

एवढं झाल्यावर मग 'हात'. नक्षीचा आराखडा हा कमजोर पुरावा आहे, कारण आराखडे फिरतात. उस्ताद शिकवतो, शागीर्द उचलतो, शेजारचा बघून काढतो. त्यापेक्षा सवयी जास्त बोलतात. गोल पटाशी लाकडावर टेकवून मोगरीने ठोकली की तिच्या धारेची कमान जशीच्या तशी उमटते. दोन पेटाऱ्यांवरच्या पानांच्या कडांची वक्रता सारखी आली, तर पटाश्यांचा संच एकच असण्याची शक्यता वाढते. नक्षीमागची खोलगट जमीन खडबडीत करायला एक ठसा ठोकायचे. त्या ठशाचा एखादा दात तुटका असेल, तर तो तुटका दात प्रत्येक ठोक्यात दिसतो. नक्षीआधी आखलेल्या रेघा, कंपासच्या टोकाची भोकं, खाचेची रुंदी, खुंटीची जाडी, या गोष्टी गिऱ्हाईक बघत नाही आणि सुतार लपवतही नाही. म्हणूनच त्या मोलाच्या.

तरीही भान ठेवा: हत्यारं म्हणजे हात नव्हे. हत्यारं वारशाने जातात, विकली जातात, एकाच कारखान्यात तिघे वापरतात. हे 'तरीही' किती महाग पडू शकतं, ते आता बघू.

इप्सविचचा थॉमस डेनिस

मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविच गावात थॉमस डेनिस नावाचा सुतार होता. त्याचं निधन १७०६ मध्ये झालं. त्याच्या वंशजांकडे पिढ्यान्‌पिढ्या काही कोरीव ओकच्या वस्तू चालत आल्या. त्यात दोन भारदस्त हातांच्या खुर्च्या होत्या. त्यातली एक आज सेलमच्या पीबॉडी एसेक्स संग्रहालयात आहे, दुसरी बोडन कॉलेजच्या संग्रहालयात. १९३७-३८ मध्ये आयर्विंग पी. लायन या अभ्यासकाने 'अँटिक्स' मासिकात इप्सविचच्या ओक फर्निचरवर लेखमाला लिहिली. तर्क सरळ होता. कुटुंबात चालत आलेल्या वस्तू सुतार पूर्वजाने केलेल्या असणार, त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूही त्याच्याच, आणि त्या वस्तूंसारख्या दिसणाऱ्याही. यादी वाढत गेली आणि थॉमस डेनिस हे १७व्या शतकातल्या अमेरिकी फर्निचरमधलं मोठं नाव झालं.

आता तुम्ही परीक्षक आहात असं समजा आणि या तर्काची एकेक कडी ओढून बघा.

पहिली कडी, कुटुंब. डेनिस १६६३ च्या सुमारास न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला होता. इप्सविचमध्ये तेव्हा विल्यम सर्ल नावाचा दुसरा सुतार काम करत होता. तो इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या ऑटरी सेंट मेरीचा. सर्ल १६६७ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी, १६६८ मध्ये, त्याची विधवा ग्रेस हिने थॉमस डेनिसशी लग्न केलं. आता सांगा, डेनिसच्या वंशजांकडे आलेली खुर्ची डेनिसनेच केली कशावरून? ती ग्रेसच्या पहिल्या घरातून, पहिल्या नवऱ्याच्या हातची आलेली असू शकते. 'डेनिस कुटुंबातली वस्तू' हा पुरावा दोघांच्याही बाजूने सारखाच बोलतो. आणि जो पुरावा दोन्ही शक्यतांना सारखाच बसतो, तो त्या दोघांत निवड करायला उपयोगाचा नाही.

दुसरी कडी, साम्य. डेनिसचं मूळही डेव्हनकडचंच असावं असं मानतात. दोघे एकाच परंपरेत वाढलेले असतील तर नक्षी सारखी दिसणारच. त्या साम्यावरून परंपरा कळते, माणूस कळत नाही.

तिसरी कडी, साखळी. 'अ' डेनिसचा, 'ब' हा 'अ' सारखा, 'क' हा 'ब' सारखा. यात प्रत्येक पायरीवर अनिश्चितता वाढते, पण लेबल मात्र तेच राहतं. शेवटी 'डेनिसची शैली' म्हणजे काय, तर यादीतल्या वस्तूंची शैली. आणि यादीत काय, तर डेनिसच्या शैलीतल्या वस्तू. बैल घाण्याभोवती फिरावा तसा तर्क स्वतःभोवती फिरायला लागतो.

१९६० मध्ये हेलन पार्क यांनी त्याच 'अँटिक्स' मासिकात या श्रेयांची फेरतपासणी केली. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा आणि जबर होता: त्या काळी एसेक्स काउंटीत लाकडाचं काम करणारे आणखी कोण कोण होते? कागदपत्रांत बाकीच्या सुतारांची नावं दिसायला लागली की 'डेनिसच' या शब्दातला 'च' आपोआप सैल होतो. लायन यांनी वस्तूंची तुलना एकमेकींशी केली, पण दावेदारांची पुरेशी यादी केली नव्हती. तुमच्या संशोधनात हे लक्षात ठेवा. तुमचं स्पष्टीकरण पुराव्याला बसतं, एवढं पुरत नाही. दुसऱ्या स्पष्टीकरणापेक्षा ते जास्त चांगलं बसतं का, हे दाखवावं लागतं.

याचा अर्थ सगळं धुळीला मिळालं असा नाही. सर्ल १६६७ मध्ये वारला, म्हणून १६७८ साल घातलेलं ते स्टॅनिफोर्ड कपाट त्याचं असूच शकत नाही, अर्थात साल मूळचं असेल तर. एका शक्यतेला पूर्णपणे बाद करणारा असा एक पुरावा दहा साम्यांपेक्षा भारी असतो.

पुढे रॉबर्ट टारूल यांनी १९९२ मध्ये याच दोघांच्या, म्हणजे सर्ल आणि डेनिसच्या, फर्निचरवर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. त्यांची वाट वेगळी होती. ते स्वतः त्या पद्धतीचं सुतारकाम करणारे. झाड निवडण्यापासून, ओंडका फाडण्यापासून ते खुंटी ठोकण्यापर्यंत काम कसं होत असेल, हे त्यांनी कार्यशाळेच्या अंगाने तपासलं. २००४ मध्ये त्यांचं थॉमस डेनिसवरचं पुस्तक आलं. दर्शनी नक्षीवरून सुरू झालेला वाद असा हळूहळू कामाच्या क्रमाकडे वळला. प्रश्न बदलला की पुरावाही बदलतो.

एक खोटी खुर्ची

आता टोकाची बाजू. प्लिमथ वसाहतीतल्या विल्यम ब्रूस्टरच्या नावाने ओळखली जाणारी एक कातीव दांड्यांची खुर्ची प्लिमथच्या पिलग्रिम हॉल संग्रहालयात आहे. ऱ्होड आयलंडच्या आर्मांड लामाँटेन या शिल्पकाराने १९६९ मध्ये त्या धर्तीची एक खुर्ची घडवली, तिला 'म्हातारी' केली आणि गुपचूप बाजारात सोडली. हातोहात फिरत ती मिशिगनमधल्या हेन्री फोर्ड संग्रहालयाने ९,००० डॉलरला विकत घेतली. १९७७ मध्ये लामाँटेनने आपणच ती केल्याचं उघड केलं. तज्ज्ञांना चकवता येतं, हेच त्याला दाखवायचं होतं. क्ष-किरणांनी आतली भोकं बघितली. जुन्या चमच्याच्या आकाराच्या गिरमिटाने पडलेल्या भोकाचा तळ गोलसर येतो. इथे आधुनिक ड्रिलच्या टोकाच्या खुणा निघाल्या. त्याने त्या मुद्दाम ठेवल्या होत्या. संग्रहालयाने ती खुर्ची पुढे शिकवण्यासाठी वापरली, हे विशेष.

यातून 'तज्ज्ञ मूर्ख असतात' असा धडा काढू नका. धडा असा आहे की खोटेपणा करणारा नेमकं तेच सजवतो जे तुम्ही बघणार हे त्याला ठाऊक असतं. झीज, रंग, आकार, सगळं जमलेलं होतं. सांध्याच्या आतल्या भोकाचा तळ कुणी तपासत नव्हतं. म्हणून आपल्या दाव्याच्या बाजूने दहावा पुरावा गोळा करण्याआधी विचारा: माझा दावा चुकीचा असेल तर ते कुठे दिसेल? आणि आधी तिथे बघा.

दाव्याच्या पायऱ्या

संग्रहालयांच्या लेबलांवरची भाषा म्हणून जपून वापरलेली असते. ती अशा पायऱ्यांची समजा:

१. 'अमुकने केलेला': सही, हिशेब किंवा करारपत्र असा थेट पुरावा, आणि तो याच वस्तूचा असल्याची खात्री.
२. 'अमुकचा मानला जातो': थेट पुरावा नाही, पण सवयी, हत्यारं, जागा, काळ आणि मालकीचा इतिहास एकाच दिशेला बोट दाखवतात.
३. 'अमुकच्या कारखान्यातला': जागा कळली, हात कळला नाही.
४. 'अमुक परंपरेतला': शैली कळली, कारखाना कळला नाही.
५. 'अमुकच्या धर्तीवर, नंतरचा': शैली आहे, काळ जुळत नाही.

खालच्या पायरीवर थांबणं हा कमीपणा नाही. 'इप्सविच, १६६० ते १६८०, सर्ल किंवा डेनिस' हे लेबल 'थॉमस डेनिस'पेक्षा कमी झगमगीत वाटेल. पण त्यात जास्त माहिती आहे. दोन माणसं, एक घर, एक विधवा आणि डेव्हनहून समुद्र ओलांडून आलेली एक रीत त्यात मावते. एकच नाव लिहिलं की सर्ल पुसला जातो, हाताखालचे शागीर्द तर कधी दिसतच नाहीत. चुकीचं श्रेय म्हणजे नुसती नोंदीतली चूक नाही. ज्याने खरोखर पटाशी चालवली त्याचं काम त्यात दुसऱ्याच्या नावावर चढतं.

तुमचा संशोधन आराखडा लिहायला बसाल तेव्हा एक कोरा कागद घ्या. मधोमध तुमचा मुख्य दावा लिहा. डावीकडे तुमचे पुरावे, आणि प्रत्येकापुढे तो खरोखर कशाचा पुरावा आहे ते एका ओळीत. उजवीकडे इतर दावेदार: दुसरा लेखक, दुसरं कारण, दुसरा काळ. आता प्रत्येक पुरावा उजवीकडच्या प्रत्येकाला लावून बघा. जो सगळ्यांना बसतो त्याच्यावर काट मारा. जो एखाद्याला बाद करतो त्याला गोल करा. शेवटी किती गोल उरले ते मोजा आणि वरच्या पाच पायऱ्यांपैकी कुठली आपली, ते ठरवा.

मार्गदर्शकांकडे जाताना हाच कागद घेऊन जा. पहिल्या भेटीतला निम्मा वेळ वाचेल, आणि उरलेल्या निम्म्यात कामाचं बोलणं होईल.